मुंढ्याची पट्टी

थोरला हल्ली उलट बोलत नव्हता, आणि हे लक्षण काही बरं नव्हतं.

भाजीत मीठ कमी की जास्त यावरून ज्याने बोबड्या बोलांपासून आईशी वाद घातला, शाळेत मास्तरांच्या गणितांतल्या चुका काढून दाखवल्या, आणि चाळिशी उलटून टाळूवर केस शोधायची वेळ आली तरी ‘आई, तुला कळत नाही’ हे वाक्य ज्याच्या जिभेवरून उतरलं नाही, तो गेले चार महिने फक्त ‘हो आई’ म्हणत होता. खिडकी लाव रे. हो आई. तो सदरा टाकून दे, चिंधी झाली त्याची. हो आई. त्याच्या आईने, मापवालीने, एकदा मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. त्याने ताट पुसून घेतल्यासारखं जेवण संपवलं, ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं.

"तुझ्या नवऱ्याला झालंय काय?" तिने सुनेला विचारलं.

"दुःख झालंय, आई. सख्खा भाऊ गेलाय त्यांचा."

"माझाही मुलगा गेलाय. माझं तोंड बंद पडलंय का?"

"नाही," सून ओटा पुसत म्हणाली, "तेवढं मात्र झालेलं नाही."

एरवी असल्या उत्तरावर मापवालीने सुनेची चार टाके जास्तीची शिलाई केली असती. त्या दिवशी सोडून दिलं. तिचं लक्ष त्या पालथ्या ताटाकडे होतं. दुःख तिला ओळखता येत होतं. दुःखी माणूस चिडतो, अन्न टाकतो, दार आपटतो. हा नुसता दबून वागत होता. गिऱ्हाइकाचं कापड जाळून ठेवलेल्या कारागिरासारखा.

मापवाली हे तिचं गल्लीतलं नाव. खरं नाव गल्ली विसरली होती आणि तिनेही आठवण करून दिली नव्हती. शाळा दोन इयत्ता. अक्षर अक्षर जुळवून वाचायची, पण टेप हातात आला की आकडा तिच्याशी खोटं बोलत नसे. नवरा लवकर गेला तेव्हा पदरात दोन मुलगे आणि पुढच्या खोलीत एक शिलाई मशीन. त्या मशीनवर तिने दोघांना वाढवलं, शिकवलं, थोरल्याला इंजिनीअर केलं, धाकट्याला वैमानिक. कोट, झगे, गणवेश, जे येईल ते शिवलं. एकच गोष्ट कधी केली नाही. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. कुणी म्हणालं, ‘अंदाजाने बेता हो, माणूस गावाला गेलंय,’ तर ती कापडाची घडी परत त्याच्या हातात ठेवायची. "अंदाज तुमच्या घरी घ्या," म्हणायची. "माणूस आलं की या."

तिची मुंढ्याची पट्टी सगळ्या गल्लीला माहीत होती. खांद्याखाली बाही जिथे जोडतात त्या गोलाईला शिंपी मुंढा म्हणतात. ती गोलाई कापडावर आखायला काळ्या लाकडाची, हातभर लांब, एका टोकाला वळत गेलेली पट्टी. जिच्याकडे ती शिवण शिकली त्या बाईने ती हातात देऊन डोळे मिटले होते. पट्टीला एकच खोट. वळणाच्या जरा अलीकडे, धारेवर, तांदळाच्या दाण्याएवढा टवका. धाकटा सहा वर्षांचा असताना पट्टीचं विमान करून घरभर उडवत होता आणि ते खिडकीच्या कडेवर उतरलं. त्या दिवशी त्याच्या पाठीवरही विमान उतरलं होतं, आईच्या हाताचं.

पुढे थोरला वाऱ्याच्या बोगद्यावर नोकरीला लागला. लोखंडी बोगदा, त्यात वारा सोडायचा, मधे विमानाचं हातभर लांबीचं पोलादी पिल्लू ठेवायचं आणि वारा त्याच्याशी कसा वागतो ते मोजायचं. मोजलेले ठिपके टेबलाएवढ्या कागदावर मांडायचे आणि त्यांतून रेघ काढायची. कचेरीतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या एवढ्या कागदाला पुरत नव्हत्या. एक दिवस त्याने आईची मुंढ्याची पट्टी मागितली, आणि जन्मात कुणाला सुई उसनी न देणाऱ्या बाईने ती दिली. स्वतःसाठी नवी करून घेतली. त्यानंतर वर्षभर दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कुणीही दारात उभं राहिलं की ती दोरा तोडत म्हणायची, "माझ्या पट्टीशिवाय त्यांचं विमान उडत नाही." माणसाने फुशारकी मारावी, पण एवढीही मारू नये.

धाकट्याचा धंदा असा की नवीन बनलेलं विमान सगळ्यांच्या आधी त्याने उडवून बघायचं. "म्हणजे ट्रायल देणारा," मापवालीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. ज्या कारखान्याचं विमान, त्याच कारखान्याचा बोगदा. थोरला खाली वारा मोजायचा, धाकटा वर त्याच वाऱ्यात जायचा. आठवड्यातून एकदा तिघं आणि सून एका टेबलावर जेवायची.

त्यातलं एक जेवण मापवालीला आता झोपेतही आठवत असे. धाकट्याने चमचा विमानासारखा हवेत धरला होता.

"आईला सांग ना नीट," तो म्हणाला. "तिला वाटतं मी नुसता जोरात जातो."

"आईला कळणार नाही," थोरला म्हणाला. तेव्हा तो असंच बोलायचा.

"तुला कळलं तर मला कळेल," मापवाली म्हणाली. "मीच घडवलंय तुझं डोकं, माल माझा आहे."

मग थोरल्याने सांगितलं. सोपं म्हणून बोगद्यावर सगळेच आवाजाच्या वेगाला दहा धरत. विमान पाचवर असलं, सातवर असलं, की त्याचा आवाज त्याच्या पुढे पळतो. हवेला वर्दी मिळते, येतोय, सरका. हवा आधीच वरखाली सरकते आणि पंखावरून अस्तराच्या रेशमासारखी घसरत जाते.

"म्हणजे आपली आई," धाकटा म्हणाला. "आवाज आधी गल्लीत शिरतो, आई मागून येते. तोवर सगळ्यांची दारं लावून झालेली असतात."

"दारं लाजेने लावतात," ती म्हणाली. "निम्म्या गल्लीची पोटं मला टेपच्या आकड्यात पाठ आहेत. तू पुढे सांग."

"वेग दहा झाला की वर्दी आणि विमान एकाच वेळी पोचतात. हवेला सरकायला वेळच नाही. ती गच्च दाबली जाते, कागदाहून पातळ भिंत उभी राहते. दहाच्या बरंच पुढे गेलं की परत सगळं शिस्तीत. नियम तेवढे उलटे. सावकाश वाऱ्याला वाट अरुंद करून दिली की तो वेग घेतो. आवाजाच्या पुढे गेलेल्या वाऱ्याला वाट रुंद करून दिली की वेग घेतो."

"पाहुण्यासारखं. जागा दिली की माजतो."

सून हसली. धाकट्याने चमचा खाली ठेवला. "अलीकडचं कळलं, पलीकडचं कळलं. मधे काय आहे रे? नऊ ते अकरा?"

थोरल्याने घास गिळला. तो घास गिळायला त्याला किती वेळ लागला हे तेव्हा कुणी मोजलं नाही. "मधे काही नाही. रेघ सरळ निघून जाते. कागद आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. सलग आहे रेघ."

"मग?"

"मग काही नाही. तू काढलीस म्हणजे झालं."

आणि मापवाली, भात वाढता वाढता, कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "पट्टी माझी आहे. चुकायची नाही."

त्यानंतर तीन आठवड्यांनी दोन माणसं भर दुपारी दारात आली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून काढल्या, उशीला खोचल्या, आणि मग त्यांना बोलायला सांगितलं.

विमान उंचावरून सूर मारताना नाक खाली गेलं. वैमानिकाने ते वर घेण्यासाठी दांडा ओढला. गरजेपेक्षा फार जोरात ओढला आणि पंख तुटला. चौकशी समिती बसली, पण हे शब्द पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. वैमानिकाचा हात जड पडला.

मापवालीने हे मानलं. तीच तर खरी खोच होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलं, "लहानपणापासून हात जडच त्याचा. माझ्या मशीनच्या किती सुया मोडल्या असतील. हळू, हळू म्हणून घसा सुकला माझा." लोक मान हलवायचे. थोरला शेजारी असायचा. आलेल्यांना खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा, खाली बघायचा. मेलेल्या मुलावर रागावलं की तो थोडा जिवंत असल्यासारखा वाटतो, म्हणून ती रोज रागवायची. ज्या दिवशी रागवायला कुणी भेटायला आलं नाही त्या दिवशी भिंतीवरच्या फोटोला सुनवायची.

चार महिन्यांनी कारखान्याच्या माणसाने धाकट्याच्या कपाटातलं सामान एका खोक्यात आणून दिलं. सकाळची वेळ, थोरला सुट्टी असूनही बोगद्यावर गेलेला. हल्ली तो सुट्टीलाही जायचा. खोक्यात हातमोजे होते, एक कंगवा, घड्याळ, समितीच्या निकालाची प्रत, आणि मांडीवर पट्ट्याने बांधायची लहान पाटी. वैमानिक लागणारे कागद तिला चिमट्याने लावून वर नेतात. तिच्यात एक घडी केलेला कागद होता.

निकालातलं तिला फारसं वाचता आलं नाही. हात जड, एवढं दिसलं. खाली सह्या होत्या, त्यात बोगद्यातर्फे केलेली थोरल्याची सही तिला वाचायची गरज नव्हती. ती त्याने शाळेच्या वह्यांवर घटवलेली तिने बघितली होती. मग तिने तो दुसरा कागद उलगडला आणि कटाईच्या टेबलावर सपाट केला.

कागदावर चौकोन होते, खाली आकडे, आणि एक रेघ. रेघ डावीकडून सावकाश चढत होती, वळत होती, उजवीकडे उतरत होती. मापवालीला त्यातला अर्थ कळत नव्हता, पण रेघ कळत होती. पन्नास वर्षं ती हीच रेघ कापत आली होती. तिने नखाने ती मागून पुढे गिरवली. सातच्या आसपास ठिपके, आठला ठिपके, नऊपर्यंत ठिपके. अकरापासून पुढे परत ठिपके. मधे एकही ठिपका नाही, नुसती शाई. आणि त्या शाईत, वळणाच्या जरा अलीकडे, नखाला नाही पण डोळ्याला जाणवेल असा एक बारीक उंचवटा, टवक्यात जरा जास्त उतरलेल्या शाईचा. तांदळाच्या दाण्याएवढा मूळ कागदावर असणार, इथे छोट्या प्रतीत तिळाएवढा.

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "माझ्या चपला दे. आणि हा कागद घडी न पाडता कशात तरी घाल."

बोगद्याच्या आवारात सुट्टीमुळे शुकशुकाट होता. बाहेर उभ्या असलेल्या लोखंडी टाक्या दुमजली घरांएवढ्या. त्यांत हवा भरायचा पंप बंद होता आणि पंपवाला पायरीवर बसून सफरचंद कापत होता. त्याने तिला ओळखलं नाही, पण उठून उभा राहिला. तिला बघून लोक उठत.

थोरला आतल्या खोलीत टेबलाशी होता. दिवा लावलेला, समोर कागद नाही, काही नाही. आईला बघून तोही उभा राहिला.

"आई. काय झालं?"

तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आपली जुनी पट्टी काढली आणि त्या रेघेशेजारी ठेवली. कागद लहान, पट्टी मोठी. पण आकार एकच. आईशेजारी मूल उभं करावं तसा.

"हा वारा आहे की मुंढा?" तिने विचारलं.

थोरल्याने टवक्यावर बोट ठेवलं. मग त्याने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"या टवक्याने. मला दाखव. वारा काय करतो ते दाखव."

"टाक्या रिकाम्या आहेत. भरायला चार तास लागतात. मग अर्धं मिनिट वारा चालतो."

"मी बसते."

त्याने पंपवाल्याला सांगितलं. पंप सुरू झाला तसा जमिनीतून दात शिवशिवतील असा कंप येऊ लागला. मापवाली बाहेरच्या बाकावर बसली. तिच्या हातात काम नव्हतं. गेल्या पन्नास वर्षांत दिवसाउजेडी ती हात रिकामे ठेवून चार तास बसली नव्हती. धाकटा गेला त्या आठवड्यातही नाही, तेव्हा तिने कुणाच्या तरी सोळा गणवेशांना काजं केली होती.

दुसऱ्या तासाला पंपवाल्याने चहा आणला.

"तुम्ही साहेबांच्या आई होय, मावशी? तरीच. साहेब हल्ली बोलत नाहीत आमच्याशी. आधी काय शिव्या घालायचे, कान तृप्त व्हायचे. आता म्हणतात, असू दे. त्या ‘असू दे’ची भीती वाटते."

"धाकट्याला ओळखत होता का?"

"न ओळखून? इथेच तर बसायचे, हा माझा बाक. चहा काठोकाठ भरून घ्यायचे आणि तो कप घेऊन या लोखंडी जिन्याने वर साहेबांकडे जायचे. दोन दोन पायऱ्या एकदम. मी मागून बघत बसायचो, आता सांडतील, मग सांडतील. थेंब नाही, मावशी. असा हात मी बघितला नाही."

मापवालीने हातातला कप बाकावर ठेवला. तो हिंदकळला आणि बशीत सांडला. पंपवाला सभ्य माणूस, दुसरीकडे बघू लागला.

दुपार कलली तेव्हा टाक्या भरल्या. थोरल्याने तिला काचेपाशी उभं केलं, कानांवर जाड गाद्या बसवल्या. काचेपलीकडे बोगद्याच्या पोटात ते पोलादी पिल्लू एका दांड्यावर टोचून बसवलेलं. शेजारी पांढरा पडदा. वारा दिसत नाही, पण दिव्यांची आणि आरशांची अशी मांडणी केली होती की वाऱ्याची सावली पडद्यावर पडावी. पडद्याखाली एक तबकडी, तिच्यात काटा. "शेपटीला मी मधून मधून झटका देणार," थोरल्याने कानाची एक गादी उचलून सांगितलं. "विमानाने शेपटीचं ऐकलं तर काटा उठेल. पडून राहिला तर समज, विमान ऐकत नाही."

मग वारा आला. तिला तो तळपायातून ऐकू आला. पडद्यावर आधी नुसता करडा उजेड होता, विमानाची काळी आकृती, आणि काटा दर झटक्याला टुणकन उठत होता. काचेबाहेर वेगाचे आकडे चढत होते. सात. आठ. सगळं निवांत. नऊच्या अलीकडे पंखाच्या फुगवट्यावर एक काळा केस उभा राहिला. विमान अजून आवाजामागेच होतं, पण फुगवट्यावरचा वारा आधीच आवाजापुढे गेला होता, आणि तो जिथे परत थबकत होता तिथे ती भिंत होती. केस थरथरत मागे सरकू लागला. त्याच्या मागचा करडा रंग उसवला. कात्री बोथट असली की रेशमाची कड जशी सुटते, तंतू तंतू होते, तशी हवा उसवत शेपटीवर जाऊन पडली. पोलादाचं पिल्लू दांड्यावर थडथडू लागलं. थोरल्याने झटका दिला. काटा उठला नाही. परत दिला. काटा तबकडीत आडवा पडून राहिला, मेलेल्या किड्यासारखा.

मग केस घसरत शेपटीच्या टोकाला गेला, नाकासमोर दुसरी भिंत येऊन उभी राहिली, रेघा तिरप्या झाल्या आणि सगळं एकदम शांत, करकरीत, इस्त्री केल्यासारखं झालं. काटा परत टुणकन उठला. वारा संपला.

तिने कानांवरच्या गाद्या काढल्या. खोलीत तेलाचा आणि गार लोखंडाचा वास होता.

"मधे काही नाही म्हणालास," ती म्हणाली.

"तेव्हा माहीत नव्हतं." थोरला खुर्चीवर बसला. "तेव्हा बोगद्याच्या भिंती भरीव होत्या. नऊच्या पुढे ती वाऱ्याची भिंत बाजूला जायची, लोखंडावर आपटायची, परत येऊन विमानालाच लागायची. जे मोजलं जायचं ते विमानाचं नाही, भिंतीचं. म्हणून नऊ ते अकरामधले ठिपके आम्ही टाकून द्यायचो. सगळेच टाकतात. मग मधल्या जागेत तुटक रेघ काढायची. म्हणजे बघणाऱ्याला कळतं की इथे मोजलेलं नाही."

"कच्ची शिलाई."

"हो. कच्ची."

"मग पक्की का घातलीस?"

त्याने पट्टीकडे बघितलं. "पेन्सिलने तुटकच काढली होती. मग शाईसाठी तुझी पट्टी ठेवली. डावीकडचे सगळे ठिपके तिच्या धारेवर आले. उजवीकडचेही आले. इतकी बसली, आई, की मला वाटलं वारा हाच आकार घेत असणार. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेला आकार, चुकीचा वाटलाच नाही. शाई भरताना हात थांबला नाही."

"मुंढा माणसाच्या खांद्याचा आहे," ती म्हणाली. "वाऱ्याला खांदा असतो का रे?"

त्याने पट्टी कागदावरून बाजूला सारली.

"पुढे सांग. धाकट्याचं."

"सूर मारताना तो साडेनऊच्या आसपास पोचला. नाक खाली गेलं. त्याने दांडा ओढला, शेपटीने ऐकलं नाही. माझ्या कागदावर शेपटी ऐकणार असं होतं, म्हणून त्याने आणखी ओढला. कुणीही ओढला असता. खालच्या दाट हवेत विमान जरा धीमं झालं आणि शेपटीने एकदम, सगळंच एकदम ऐकलं. पंखाला ते पेलवलं नाही."

"हात जड नव्हता."

"नव्हता."

"भिंती कधी बदलल्यास?"

"तो गेल्यावर. शंका पहिल्या दिवसापासून खात होती. भिंतींना फटी पाडल्या, म्हणजे ती लाट बाहेर निघून जाते, परत येत नाही. दोन महिने झाले. तेव्हा मोजलं, तेव्हा हे दिसलं."

"आणि सही?"

"आई..."

"सही कधी केलीस?"

"तीन आठवडे झाले."

मापवालीने मनात माप घेतलं. आठ आठवड्यांतून तीन गेले, पाच. पाच आठवडे कळलेलं असताना पोटात ठेवलं, मग सही केली. नंतरचे तीन आठवडे जेवायला बसून ‘हो आई’.

"तो परत आला नसता," थोरला म्हणाला. "मला आत टाकलं असतं. मला वाटलं, तुझे दोन्ही एकदम जायला नकोत."

"मला विचारलंस?"

"नाही."

"आता जाऊन सांग."

"समिती उठली. कागद मोहरबंद झाले. मी गेलो होतो, परवा. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, शेपूट बदलतोय, नवी विमानं सुरक्षित आहेत, आता कुणाला धोका नाही. तुमचं मन थाऱ्यावर नाही, रजा घ्या. माझं मोजमाप त्यांनी ठेवून घेतलं. परत दिलं नाही."

"शेपूट का बदलली ते लिहिलंय?"

"नाही लिहिलं. लिहिणार नाहीत."

म्हणजे सगळं नीट झालं होतं. बोगदा नीट झाला, विमान नीट झालं, पुढे कुणी मरणार नव्हतं. फक्त एका मुलाचा हात जड होता हे कायमचं कुठल्याशा कपाटात लिहून राहिलं, आणि त्या कागदाच्याही आधी, त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात, ते गल्लीभर सांगितलं होतं त्याच्या आईने. आता ती दारोदार जाऊन उलटं सांगू लागली असती तर लोकांनी मान हलवली असती, तशीच, आणि म्हणाले असते, म्हातारीला सहन होत नाही.

तिने कागद उचलला. पट्टी उचलली. ती परत खिळ्याला टांगावी की घरी न्यावी हे तिला कळेना, म्हणून नुसती हातात धरून उभी राहिली. बाहेर पंपवाला टाकीची झडप बंद करत होता, उरलेली हवा सावकाश सुस्कारत निघून जात होती.

थोरल्याने वर बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि ते डोळे तिने घडवलेले होते, त्यामुळे त्यांत काय आहे हे तिला विचारावं लागलं नाही. त्याला तिने बोलायला हवं होतं. काहीही, पण बोलायला.

"ऐक," मापवाली म्हणाली. "रेघ चुकली, ती मी माझ्याकडे घेते. पट्टी माझी होती, आणि ‘चुकायची नाही’ हे त्याच्या तोंडावर मीच म्हणाले. त्यासाठी तुला एक शब्द बोलणार नाही. पण मी चार महिने माझ्या पोराच्या हाताला नावं ठेवली. येईल त्याच्यासमोर, त्याच्या फोटोसमोर. आणि तू शेजारी उभा राहून लोकांना पाणी देत होतास. एकदाही म्हणाला नाहीस, आई, गप्प बस, तुला कळत नाही. सगळा जन्म म्हणालास, आणि म्हणायचं तेव्हा म्हणाला नाहीस. घरी ये. जेवायला बसत जा, माझे हात चालतात तोवर वाढीन, आणि मीठ बरोबर घालीन. पण माफ केलं, हे माझ्या तोंडून तुला मिळायचं नाही. मी मरताना उशाशी बसलास तरी मिळायचं नाही. आणि आता यावर ‘हो आई’ म्हणू नकोस."